जुन्या वह्या : रद्दी की अमानत?

धरणगाव आमच्या अमळनेरपासून जवळच. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. खानदेशात विणलेले कापड या वखारीत जमा होई आणि सुरतेच्या बंदरातून जहाजाने बाहेर जाई. वखारीतले गोरे कारकून सुरतेच्या साहेबांना पत्रे लिहीत. कंपनीने असली पत्रे फेकून दिली नाहीत. कंपनीचे दप्तर लंडनला आजही सांभाळलेले आहे आणि विसाव्या शतकात त्यातल्या पत्रांचे जाडजूड खंड छापून निघाले.

पण त्या वखारीला कापड विकले कोणी? विणकराला सूत कोणी दिले, आगाऊ रक्कम कोणी उचलली, रंगारी कोण होता, हुंडी कोणत्या पेढीवर लिहिली गेली? घेणाऱ्याची बाजू लंडनला बांधून ठेवलेली आहे. विकणाऱ्याची बाजू आपल्या हातून गेली. आज कोणी खानदेशच्या कापडाचा इतिहास लिहायला बसला तर आपल्याच गावची हकीकत त्याला परक्याच्या पत्रांतून वेचून काढावी लागते.

सरकार जमिनीचे कागद ठेवते, कोर्ट निकालाचे ठेवते. व्यापाराचे कागद मात्र व्यापाऱ्याच्या घरातच असतात. पेढी बंद पडली, वाडा विकला गेला, भावाभावांत वाटणी झाली की पहिली पाळी येते ती वह्यांच्या पोत्यांची. भांडी वाटली जातात, दागिने वाटले जातात, वह्या कोणालाच नको असतात. म्हणून या पानावर दर वेळी बाजारभाव आणि कर यांची माहिती येते, तिथे आज आम्ही पेढ्यांच्या जुन्या दप्तराबद्दल लिहीत आहोत.

जुन्या कागदाची किंमत अमळनेरच्या माणसाला खरे तर समजावून सांगायला नको. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी आमच्या गावात तिचा कारखाना काढला. त्यात वनस्पती तूप होई आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबणही. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. ज्यांच्या घरी तिच्या शेअरचे कागद ट्रंकेत पडून राहिले त्यांच्या नशिबाच्या गोष्टी गावात चहाच्या टपरीवर आजही चालतात. पण शेअरचा कागद मालकाला पैसा देतो. खतावणीचा कागद मालकाला काहीच देत नाही, जे देतो ते गावाला आणि पुढच्या पिढीला देतो. त्यामुळेच त्याला वाली नाही.

जिन्याखालची पोती

इटलीत प्रातो नावाचे गाव आहे. कापडाचे गाव, आपल्या मालेगाव-धुळ्यासारखे. चौदाव्या शतकात तिथे फ्रांचेस्को दातिनी नावाचा व्यापारी होऊन गेला. बाप खाणावळवाला. १३४८ च्या प्लेगमध्ये तो वारला. पोरका मुलगा फ्रान्समधल्या आविन्यो गावी गेला, तिथे चिलखते, कापड, मीठ असा मिळेल तो धंदा केला आणि १३८३ मध्ये मालदार होऊन गावी परतला. पुढे पिसा, फ्लॉरेन्स, जिनोव्हा, बार्सेलोना, वलेन्सिया, मयोर्का इतक्या ठिकाणी त्याच्या पेढ्या झाल्या. लोकर आणायची, गावात कातून, विणून, रंगवून घ्यायची आणि कापड परत बाहेर पाठवायचे, हा मूळ धंदा. उतारवयात त्याने फ्लॉरेन्सला सराफीची पेढीही घातली, पण ती फार चालली नाही.

या माणसाला एक खोड होती. आलेले पत्र फाडायचे नाही आणि गेलेल्या पत्राची नोंद ठेवायची. गुमास्त्यांनाही त्याची सक्त ताकीद. वह्यांच्या माथ्यावर आधी देवाचे नाव आणि शेजारी नफ्याचे. हे वाचून आपल्यातले काही हसतील, पण आपल्या दुकानात ७८६ खाली पहिली रक्कम मांडतोच की आपण! १४१० मध्ये तो वारला. मागे औरस मूल नव्हते. घर आणि बहुतेक सारी इस्टेट त्याने गावातल्या गरिबांसाठी ठेवली, आपल्याकडे वक्फ करतात तशी. घर धर्मादायाचे झाले म्हणून ते विकले गेले नाही, आणि विकले गेले नाही म्हणून घरातले कागदही हलले नाहीत.

१८७० साली जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात पोती सापडली. काही पाने उंदरांनी आणि किड्यांनी खाल्लेली, बाकीची शाबूत. मोजदाद झाली तेव्हा सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या, तीनशे भागीदारीचे करार, चारशे विम्याचे कागद आणि हजारो हुंड्या-बिल्ट्या निघाल्या. ते दप्तर आज त्याच घरात, प्रातोच्या सरकारी दप्तरखान्यात आहे आणि जगभरचे अभ्यासक ते वाचतात.

त्यांना त्यात काय मिळते, हे आपल्यासारख्या कापडवाल्याने नीट ऐकावे. लोकर कोठून आली, धुतली कोणी, पिंजली कोणी, खेड्यातल्या कोणत्या बाईने किती सूत कातले आणि तिला किती मजुरी मिळाली, रंग किती लागला, ताग्याला शेवटी काय पडले. फेदेरिगो मेलिस नावाच्या इटालियन प्राध्यापकाने या वह्यांवरून एकेका ताग्याचा खर्च मांडून दाखवला. दातिनीसारख्या शेटजींची नावे इतर कागदांतूनही मिळाली असती. त्या सूत कातणाऱ्या बाईचे नाव मात्र शेटजींच्या वहीतच होते. वही गेली असती तर ती बाईही गेली असती.

रॉथशिल्ड यांचे दप्तर

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या ऐकण्यातले. रॉथशिल्ड घराण्याचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच नाना तऱ्हेच्या भाकडकथा सुरू होतात. त्या कथा बाजूला ठेवा. फ्रँकफर्टच्या मायर आम्शेल रॉथशिल्ड यांना पाच मुलगे. त्यातला नाथन इंग्लंडला आला तो बँक काढायला नव्हे. मँचेस्टरला येऊन त्याने कापडाचा व्यापार केला. ठाण खरेदी करायचे, छापून-रंगवून घ्यायचे आणि युरोपात पाठवायचे. लंडनची पेढी त्यानंतरची. पुढे फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्स अशा पाच गावी पाच भाऊ बसले आणि त्यांच्यात सारखी पत्रापत्री चाले.

लंडनच्या पेढीने १९७८ मध्ये आपले दप्तर रीतसर लावायला घेतले आणि १९९९ मध्ये ते एका विश्वस्त निधीकडे सोपवले. या दोन तारखांमध्ये व्यापाऱ्याने शिकण्यासारखे आहे. धंदा आज आहे, उद्या विकला जाईल, नाव बदलेल. दप्तराचा मालक धंद्यापासून वेगळा केला की धंद्याबरोबर दप्तर बुडत नाही. व्हिएन्नाच्या शाखेचे हाल पाहा. १९३८ मध्ये नाझींनी ती पेढी कागदांसकट ताब्यात घेतली. महायुद्धानंतर ते कागद रशियन लष्कराबरोबर मॉस्कोला गेले आणि २००१ साली घराण्याला परत मिळाले. साठ वर्षांहून जास्त काळ पेढीचे कागद कैदेत होते.

पॅरिसच्या पेढीचे जुने कागद फ्रान्सच्या सरकारी दप्तरखान्याकडे गेले आणि रूबे गावी ठेवले गेले. ती जागा म्हणजे बंद पडलेली सूतगिरणी! १९९३ मध्ये तिचा दप्तरखाना केला, कामगार-कारखान्यांच्या कागदांसाठी. आमच्या भागात गिरण्यांच्या रिकाम्या इमारतींचे काय करावे यावर चर्चा होते तेव्हा मॉल आणि प्लॉट यापलीकडे कोणी जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणखी एक गोष्ट. या पाच भावांची पत्रे जर्मन भाषेत, पण हिब्रू अक्षरांत. जर्मन येणाऱ्याला अक्षर लागत नाही, हिब्रू येणाऱ्याला भाषा लागत नाही. दोन्ही जाणणारी माणसे बसवून ती वाचून घ्यावी लागली. आपल्या पेढ्यांचे दुखणे हेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपल्याकडे काय उरले

पेशवाईत पुणे-नाशिकला मोठमोठे सावकार होते. दीक्षित-पटवर्धनांचे नाव इतिहासात येते. लष्कर मोहिमेवर निघायचे ते सावकाराच्या रकमेवर, आणि पहिले बाजीराव कर्जाच्या काळजीत असत हे त्यांच्याच पत्रांतून कळते. १९७३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ‘अर्थविज्ञान’ त्रैमासिकात जी. टी. कुलकर्णी यांनी अठराव्या शतकातल्या एका पुणेकर सावकाराच्या पेढीवर अभ्यासलेख लिहिला. कागद उरले म्हणून लेख झाला. बडोद्याला गायकवाडांचे सावकार हरिभक्ती, त्यांच्या पेढीच्या वह्या तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे आल्या आणि त्यांवर अभ्यास झाला. एकेक पेढी, आणि तिच्यामुळे सगळ्या मुलखाच्या पैशाची चाल कळते.

खानदेश या बाबतीत अगदीच दरिद्री आहे असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरची दप्तरे उघडत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड निघाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने धुळ्याला संशोधन मंडळ उभे राहिले. अमळनेरहून धुळ्याला दिवसाला किती व्यापारी जातात! त्यांपैकी किती जणांनी मंडळाचा जिना चढला असेल?

आता मोठी शंका. वाचक म्हणतील, सावकारी हा व्याजाचा धंदा. व्याज आपल्याला हराम. त्यांच्या वह्या जळाल्या काय, बुडाल्या काय, आपल्याला त्याचे काय? आणि शंका नुसती मजहबची नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारापासून दंगे सुरू झाले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. ज्याच्या जमिनीवर तो कागद बसला होता त्याने तो जाळला, त्याला नावे ठेवायला आम्ही बसलो नाही.

पण कागदाची वसुलीची ताकद संपल्यानंतर चित्र फिरते. सावकाराच्या खतावणीत सावकाराचे नाव फक्त कव्हरवर असते. आतली पाने आपल्या लोकांची आहेत. अमुक मोमीन, सूत इतके, बदल्यात लुगडी इतकी. अमुक रंगरेज, अमुक पिंजारी, अमुक शिंपी. या कारागिरांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांचे आजोबा-पणजोबा कोणत्या साली कोणत्या गावी काय विणत होते याचा लेखी पुरावा एखाद्या शेटजींच्या वहीत नामे बाजूला पडून आहे. सुताचा भाव चढला तेव्हा विणकराच्या हातात काय उरले, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा खानदेशच्या शेतकऱ्याला त्यातले किती मिळाले, १८९९-१९०० च्या दुष्काळात कोणी माग विकले, हे त्या नामे-जमातून निघेल. दुसरीकडून निघणे कठीण.

शिवाय आपल्यातही पेढीवाले होतेच. बोहरा, खोजा, मेमन व्यापाऱ्यांच्या आडती होत्या, हुंड्या चालत. हुंडी म्हणजे नेहमी व्याजच असे नाही, मुळात ती रक्कम एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची सोय. नव्या पिढीने हुंडी पाहिलेलीच नाही म्हणून थोडे सांगतो. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुद्दती. ज्याला पैसे द्यायचे तो पतीचा, बाजारात ओळखीचा शाह असावा अशी अट असेल तर ती शाहजोग. रक्कम अशी लिहीत की कोणाला शून्य वाढवता येऊ नये: रुपये एक हजार, त्याचे नीमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट पुरे. हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ लिहून मिळे. पैसे चुकते झाले की तीच हुंडी खोका म्हणून ठेवली जाई. एक खोका हातात आला तर कोणते गाव कोणत्या गावाशी व्यवहार करत होते, किती दिवसांची पत होती, हुंडणावळ काय बसली, एवढे एका चिठ्ठीत कळते. आणि नेमके हेच तुकडे सर्वांत आधी चुलीत जातात.

ठंडे करण्याची रीत

आपल्या घरांत जुन्या वह्या रद्दीत न देण्याचे एक कारण आहे आणि ते चांगले आहे. पहिल्या पानावर बिस्मिल्लाह किंवा ७८६ असते. त्यात वाणी भजी बांधून देईल हे कोणाला सहन होत नाही. म्हणून मग वह्या तापीत किंवा बोरीत ठंड्या केल्या जातात, नाहीतर पुरल्या जातात. आमच्या ओळखीच्या एका घरी वाटणी झाली तेव्हा तीन पोती वह्या अशाच निघाल्या. धाकटा भाऊ रिक्षा घेऊन तापीला निघालाच होता. थोरली भावजय म्हणाली, “अब्बाजींच्या हातची अक्षरं आहेत, जरा थांबा.” पोती आमच्या दुकानाच्या माळ्यावर आली. त्यात जमाखर्चाच्या जोडीला निघाले ते असे: लग्नातल्या जेवणाचा खर्च, जकातीची वेगळी यादी, मशिदीच्या विहिरीची वर्गणी, एका यतीम पुतण्याची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत दर साल कशी वेगळी ठेवली त्याचे खाते.

कागदाचा अदब राखण्याचा दुसरा मार्गही जगाने पाहिला आहे. कैरोजवळच्या फुस्तात इथल्या ज्यूंची रीत अशी की देवाचे नाव असू शकेल असा कागद नष्ट करायचा नाही, प्रार्थनाघराच्या एका बंद खोलीत टाकायचा. शेकडो वर्षे कागद पडत राहिले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्यातले जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. धर्माचे कागद तर निघालेच, पण व्यापाऱ्यांची पत्रेही निघाली, अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत. बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवणारा अब्राहम बेन यिजू त्यातूनच जगाला कळला. हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्यातल्या तिजारतीबद्दल, मुसलमान नाखुदांबद्दल आज जे ठामपणे सांगता येते त्यातले बरेच या खोलीतून आले. अदब तोच, नदीऐवजी खोली.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण जाणतोच. लिहिण्याचा इतका आग्रह असेल तर लिहिलेल्याची हिफाजतही त्याच रांगेत बसते, असे आमचे मत आहे. उलेमा अधिक सांगू शकतील.

वही कशी बांधावी

आता कामाचे. इथे कापडवाल्याला सांगण्यासारखे बरेच आहे.

आजोबांची वही मजबूत आणि वडिलांची १९६० सालची वही हात लावताच तुटते, असे अनेक घरांत दिसते. कारण कागदात आहे. जुनी वही हातकागदाची. आपले एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते, इंग्रजी गॅझेटियरांतही त्याची नोंद आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच धंद्यावरून पडले. हे कागजी बहुतेक मुसलमान. चिंध्या, ताग असल्या लांब धाग्याच्या मालापासून कागद करत, तो शेकडो वर्षे टिकतो. गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटीचा अंश, तो आतल्या आत आंबट होऊन पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून नवी वही आधी वाचवायची, जुनी त्यानंतर. शाईचेही तसेच. काजळीची देशी शाई वर्षानुवर्षे काळी राहते पण पाणी लागले की वाहते. लोखंडी कसाची शाई पाण्याला दाद देत नाही पण अक्षराच्या जागी कागद खाते.

पेशव्यांचे दप्तर पुण्याला ज्या गाठोड्यांत बांधून ठेवले आहे त्यांना रुमाल म्हणतात. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांत लाल खारव्याचे बस्ते असत. रीत उत्तम आहे, कापड निवडताना मात्र चूक होते. दुकानातले नवे करकरीत कापड वापरू नये. त्याला खळ असते आणि खळ म्हणजे कसरीचे जेवण. कोरा मांजरपाट घ्यावा, गरम पाण्यात तीन वेळा धुवावा, चोळून पाहावा. बोटाला गुळगुळीत लागले तर खळ बाकी आहे. लाल कापडच हवे असेल तर पांढऱ्या ओल्या चिंधीने घासून रंग सुटतो का ते पाहावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वही गुलाबी होईल. छत्तीस इंची पन्ह्याचा एक वार तुकडा एका लांब वहीला पुरतो. आपल्या दुकानांत असले कटपीस पडूनच असतात.

प्लॅस्टिकच्या पिशवीत वही घालू नये, ओल आत कोंडते आणि बुरशी येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. टाचण्या आणि तारा गंजण्याआधी काढाव्यात. भिंतीला टेकवून, जमिनीवर किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. लाकडी फळीवर ठेवावी, वाळवी पाहत राहावी. वेखंडाची पुरचुंडी जुने लोक ठेवत, त्यात काही वाईट नाही.

सर्वांत महत्त्वाचे, क्रम मोडू नये. ज्या पोत्यात जे निघाले ते त्याच क्रमाने ठेवावे. रोजमेळ एकीकडे, पत्रे एकीकडे, तिकिटे पोराच्या आल्बममध्ये, असे केले की संशोधकाला निम्मी माहिती मिळत नाही. पत्र कोणत्या वहीत खोचलेले होते यावरून ते कोणत्या व्यवहाराचे हे कळते. पेन्सिलने कोपऱ्यात आकडा टाकावा आणि यादी करावी. यादीत तारीख जशी लिहिली असेल तशीच उतरावी. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन येते, विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. फसलीला आपल्या दख्खनमध्ये साधारण ५९० मिळवतात. हिजरीला असा सरळ हिशेब नाही, कोष्टक पाहावे. रुपयाही एकच नव्हता, निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि त्यांचा बट्टा वेगळा. तो बट्टाही उतरून घ्यावा.

लिपीचा प्रश्न खरा अडचणीचा आहे. एकाच गावात मोडी, गुजराती, मारवाड्यांची महाजनी आणि उर्दू अशा चार लिप्यांत जमाखर्च असतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, तरी जुन्या फारसी पद्धतीच्या वहीतली रक्कम, म्हणजे आकड्यांऐवजी अक्षरांच्या आडव्या-तिडव्या खुणा, जाणकाराला विचारल्याशिवाय लागत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मोडी शिकवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. आपल्या मुलांनी मोडी शिकायला काय हरकत आहे? उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारा तरुण खानदेशात दहा बोटांवर मोजावा लागेल, आणि ज्याच्या हातात दुर्मिळ माल त्याला बाजारात भाव असतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

देताना काय लिहून घ्यावे

दप्तर घरी सांभाळता येत नसेल तर संस्थेला द्यावे. धुळ्याचे राजवाडे मंडळ आहे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. रिझर्व्ह बँकेने १९८१ मध्ये पुण्याला स्वतःचा दप्तरखाना काढला, टाटांचे आणि गोदरेजचे स्वतंत्र दप्तरखाने आहेत, पण ते त्यांच्या घरच्या कागदांसाठी. लंडनची ब्रिटिश लायब्ररी २००४ पासून धोक्यातल्या दप्तरांची छायाचित्रे काढून घेण्यासाठी मदत देते, मूळ कागद त्याच देशात राहतात. अर्ज मात्र एखाद्या संस्थेमार्फत केलेला बरा.

देणे दोन प्रकारचे. देणगी, म्हणजे मालकी गेली. ठेव, म्हणजे मालकी आपली, कागद त्यांच्याकडे. तोंडी बोलण्यावर काही देऊ नये. वह्या सर्व वारसांच्या, म्हणून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, बहिणींच्याही. किती वह्या, कोणत्या सालच्या, याची यादी जोडून दोन प्रती कराव्यात आणि पोच घ्यावी. एक अट अवश्य घालावी: अमुक वर्षांच्या आतले कागद कोणाला दाखवू नयेत. ज्यांच्या वाडवडिलांनी उधारी केली त्यांची नातवंडे गावात राहतात, त्यांची चारचौघांत फजिती होता कामा नये. आमच्या मते तीन पिढ्या, म्हणजे पाऊणशे वर्षे, पुरे. त्याहून जुने कागद खुले असू द्यावेत, आणि संशोधकाने आपल्या घराण्याबद्दल कडू लिहिले तर परत मागायला जाऊ नये.

हिशेब तपासनीस सांगतात की कंपनी कायद्याने वह्या आठ वर्षे ठेवा, जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. हे खरे, पण ती ठेवण्याची कमीत कमी मुदत झाली. त्यानंतर फेकलेच पाहिजे असे कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही. आणि आता तर वही संगणकात गेली आहे. सॉफ्टवेअर बदलले की जुनी फाइल उघडत नाही. वर्षाअखेरीला खतावणीचा एक छापील संच चांगल्या कागदावर काढून, बांधून, जुन्या बस्त्यांच्या शेजारी ठेवावा. शाई लेझरची असू द्यावी, इंकजेटची पाण्याने पसरते.

ज्यांच्या माळ्यावर पोती आहेत त्यांनी पावसाळ्याआधी ती एकदा खाली उतरवावीत. दोन माणसे, एक कोरडा ब्रश, एक पेन्सिल आणि धुतलेला मांजरपाट एवढे सामान पुरते. यादी करायला वेळ नसेल तर प्रत्येक बस्त्याला एक चिठ्ठी बांधावी: पेढीचे नाव, गाव, पहिल्या वहीचे साल, शेवटच्या वहीचे साल, लिपी कोणती.